खातं एक झालं, शाळा दोनच राहिल्या

१९९० साली दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांच्या सरकारी शाळांपुढे एक मतदान ठेवण्यात आलं. प्रश्न असा, की आपल्या शाळेत काळ्या मुलांना घ्यायचं का? मत द्यायचा हक्क फक्त त्या शाळेतल्या पालकांना, म्हणजे गोऱ्यांनाच. शिक्षणमंत्री पीट क्लासे यांची अट होती की किमान ८० टक्के पालकांनी मतदान करायचं आणि त्यातल्या ७२ टक्क्यांनी होकार द्यायचा. शिवाय शाळेत गोरी मुलं बहुसंख्य राहिली पाहिजेत, शाळेचं वळण बदलता कामा नये. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले होते. राजवट जाणार हे दिसत होतं. जाता जाता तिने शाळेच्या दाराची किल्ली आत बसलेल्यांच्या हातात दिली.

१९९१ च्या जानेवारीत काही शाळांची दारं किलकिली झाली. पुढच्याच वर्षी, सरकारला पैशाची चणचण भासू लागल्यावर, बहुतेक गोऱ्या शाळा ‘मॉडेल सी’ नावाच्या साच्यात ढकलण्यात आल्या. शिक्षकांचे पगार सरकार देणार, बाकीचा खर्च पालकांनी फीमधून भागवायचा आणि प्रवेश कुणाला द्यायचा ते शाळेने ठरवायचं. जमीन आणि इमारतसुद्धा पालकांच्या व्यवस्थापनाकडे देण्याची तरतूद झाली. सर्वांना मताधिकार देणारी पहिली निवडणूक तेव्हा दोन वर्षांवर होती. कायद्याच्या पुस्तकातून मॉडेल सी १९९६ मध्ये गेलं, पण जोहान्सबर्गमध्ये आजही बऱ्या शाळेला लोक ‘मॉडेल सी’च म्हणतात. नाव टिकलं कारण व्यवस्थेचा गाभा टिकला.

वर्णद्वेषी राजवटीनंतरच्या दक्षिण आफ्रिकेबद्दल आपण सहसा दोनच गोष्टी ऐकतो. मंडेलांचा समेटाचा चमत्कार, नाहीतर नंतरच्या सत्ताधाऱ्यांचा भ्रष्टाचार. शाळांची कहाणी या दोन्हींत बसत नाही. तिथे चांगल्या हेतूच्या, अभ्यासू माणसांनी विचारपूर्वक एक तडजोड केली. ती करावी लागली हे मला मान्य आहे. तिला मुदत घातली नाही, आणि वंशावार वेगळ्या शिक्षण खात्यांचं एकीकरण म्हणजेच शाळांची सुधारणा असं मानून बाकीची खरी मेहनत चुकीच्या जागी खर्च केली, हे मला मान्य नाही.

जोडायचं काय होतं ते आधी पाहू. गोऱ्यांचं शिक्षण खातं वेगळं, ‘कलर्ड’ म्हणवल्या जाणाऱ्या मिश्रवंशीयांचं वेगळं, भारतीय वंशाच्यांचं वेगळं, शहरी भागातल्या काळ्यांचं वेगळं आणि काळ्यांसाठी आखलेल्या ‘होमलँड’ नावाच्या कृत्रिम प्रदेशांत प्रत्येकाचं आणखी निराळं. डझनाहून अधिक खाती, प्रत्येकाची तिजोरी निराळी. केपटाउनमध्ये रत्नागिरीकडून गेलेल्या कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याखाली त्यांच्यातल्या कुणाची नोंद ‘भारतीय’ अशी झाली, तर कुणाची ‘मलाय’ म्हणून, म्हणजे ‘कलर्ड’मध्ये. मुलाने कुठल्या खात्याच्या शाळेत जायचं, तिथे सरकार किती पैसे खर्च करणार, हे अशा एका नोंदीवर ठरायचं. आजोबा एकाच गावचे असले तरी फरक पडत नसे.

काळ्यांच्या बाबतीत तर हेतू लपवायचाही प्रयत्न नव्हता. १९५३ चा बांटू शिक्षण कायदा आणणारे हेंड्रिक फेरवुर्ड यांनी संसदेत सांगितलं होतं की ठरावीक प्रकारच्या मजुरीच्या वर गोऱ्या समाजात काळ्यांना जागा नाही. मग त्यांना गणित शिकवून करायचं काय? मंडेला ज्या हील्डटाउनसारख्या मिशनरी शाळांत शिकले, त्यांचं अनुदान तोडून त्या सरकारने ताब्यात घेतल्या. काळ्यांच्या शिक्षणासाठी तिजोरीतून एक ठोक रक्कम मुक्रर केली गेली आणि त्यावरचा वाढीव खर्च काळ्यांनी भरलेल्या करातून काढायचा असं ठरलं. मुलं वाढली तरी ठोक रक्कम तेवढीच. वर्ग फुगत गेले, आणि आठवी-दहावी होऊन जुजबी प्रशिक्षण घेतलेली माणसं शिक्षक म्हणून उभी राहिली.

मग १६ जून १९७६. निम्मे विषय आफ्रिकान्समधून, म्हणजे डच वसाहतवाल्यांच्या वंशजांच्या भाषेतून, शिकवायच्या हुकमाविरुद्ध जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या काळ्यांच्या वस्तीतली मुलं रस्त्यावर आली आणि पोलिसांनी गोळीबार केला. बारा वर्षांच्या हेक्टर पीटरसनचं निर्जीव शरीर उचलून धावणाऱ्या तरुणाचं छायाचित्र जगभर गेलं. त्यानंतरची जवळजवळ पंधरा वर्षं काळ्यांच्या वस्त्यांतल्या शाळा ही लढ्याचीच मैदानं होती. ‘आधी मुक्ती, मग शिक्षण’ ही घोषणा याच काळातली. बहिष्कार, संप, जाळपोळ चालू राहिली, आणि शाळा तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याला हाकलून देणं हा देशभक्तीचा भाग झाला. ते चूक होतं असं मी इथून बसून म्हणणार नाही. पण १९९४ मध्ये नव्या सरकारच्या हाती आलेल्या हजारो शाळांत वेळेवर वर्ग भरण्याची, कुणीतरी तपासायला येण्याची आणि त्याला उत्तर देण्याची सवयच मोडलेली होती, हे लक्षात ठेवल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

सत्तांतराच्या वेळी गोऱ्या मुलामागे होणारा सरकारी खर्च ट्रान्स्काय या होमलँडमधल्या मुलामागच्या खर्चाच्या पाचपट होता. सिबुसिसो बेंगू हे नवे शिक्षणमंत्री. त्यांच्यासमोरचं गणित साधं आणि क्रूर होतं. सगळ्या मुलांवर गोऱ्या मुलाइतका खर्च करायचा तर देशाकडे तेवढा पैसा नव्हता. गोऱ्या शाळांचा खर्च कापून सरासरीवर आणायचा तर तिथले पालक खाजगी शाळांत जाण्याची भीती होती.

पीटर हंटर यांच्या समितीने १९९५ मध्ये यावर अहवाल दिला, मग बाहेरून सल्लागारही बोलावण्यात आले. जिंकलेला युक्तिवाद असा होता: मध्यमवर्गाला, म्हणजे तेव्हाच्या गोऱ्यांना, फी आकारून स्वतःच्या शाळेचा दर्जा राखू द्या. त्यांच्या शाळांवरचा वाचलेला सरकारी पैसा गरीब शाळांकडे वळेल. आणि हा वर्ग सार्वजनिक व्यवस्थेत राहिला तर तो तिच्यासाठी भांडेलही. साक्षर, संघटित, वकील परवडणारा वर्ग सरकारी शाळांच्या बाजूने उभा असणं कुठल्याही देशात मोलाचं असतं. हा शेवटचा मुद्दा मला तेव्हाही खरा वाटला असता.

शिवाय हात बांधलेले होते. १९९३ च्या अंतरिम राज्यघटनेचं २४७ वं कलम सांगत होतं की मॉडेल सी शाळांच्या व्यवस्थापनांचे अधिकार बदलायचे तर त्यांच्याशी प्रामाणिकपणे वाटाघाटी कराव्या लागतील. अंतिम घटनेच्या वेळीही शिक्षणाचं कलम, त्यातही एकभाषिक शाळांचा मुद्दा, शेवटपर्यंत अडून राहिला होता. या सगळ्यातून १९९६ चा शाळा कायदा निघाला. वंशावरून प्रवेश नाकारायला बंदी, छडीला बंदी, सात ते पंधरा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं. आणि प्रत्येक सरकारी शाळेला पालकांचं बहुमत असलेली एक गव्हर्निंग बॉडी, जिच्याकडे प्रवेशाचं धोरण, भाषेचं धोरण आणि पालकसभेच्या मंजुरीने फी ठरवण्याचा अधिकार.

कागदावर ही तळागाळातली लोकशाही होती, आणि सोवेटोतल्या लढ्याने तीच मागितली होती: शाळा लोकांच्या हातात द्या. पण एकच अधिकार दोन ठिकाणी दिला की त्याचे दोन अर्थ होतात. जोहान्सबर्गच्या सँडटन या श्रीमंत उपनगरातल्या शाळेत गव्हर्निंग बॉडीवर हिशेबनीस, वकील, डॉक्टर. लिंपोपो प्रांतातल्या खेड्यात त्याच समितीवर आजी, जी शेजारच्या शहरात कामाला गेलेल्या मुलीची पोरं सांभाळते आणि जिला कधी शाळेतच घातलेलं नव्हतं. पहिली समिती फी लावते, त्या पैशातून सरकारने दिलेल्या शिक्षकांवर आणखी शिक्षक नेमते, वर्ग तीस मुलांवर ठेवते. दुसरीच्या हातात ठरवायला काहीच नसतं.

गरीब मुलांना फीमुळे अडवता येणार नाही, असं नियम सांगतो. आई-वडिलांचं वार्षिक उत्पन्न वार्षिक फीच्या दहापटीहून कमी असेल तर पूर्ण माफी, त्याहून थोडं अधिक असेल तर अंशतः. पण माफीचा भार बहुतेक शाळेलाच सोसायचा. म्हणजे गरीब मूल घेणं हा शाळेला तोटा. मग शाळा काय करेल? माफी मागायला येणारे पालक दारापर्यंत पोचणारच नाहीत अशा खुबीने प्रवेशाचं क्षेत्र आखेल. १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने कुणी कुठे राहायचं हे वंशावरून ठरवलं होतं. तो कायदा १९९१ मध्ये रद्द झाला, पण घरं जिथल्या तिथेच राहिली. ‘शाळेच्या जवळ राहणाऱ्याला प्राधान्य’ या निरुपद्रवी वाक्यात तो जुना कायदा पुन्हा बोलू लागला.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. वाटाघाटींच्या काळात कम्युनिस्ट पक्षाचे नेते जो स्लोवो यांनी १९९२ मध्ये ‘मावळतीची कलमं’ सुचवली होती. जुन्यांना काही सवलती द्या, सत्तेत वाटा द्या, पण ठरावीक वर्षांपुरता, मग तो आपोआप संपेल. त्यावरच संयुक्त सरकारचा पाच वर्षांचा करार झाला. ज्या माणसांना सत्तेच्या वाटणीला मुदत घालायचं सुचलं, त्यांना शाळेच्या फीला मुदत घालायचं सुचलं नाही. दहा वर्षं फी आकारा, त्यानंतर दरवर्षी एवढी टक्के मुलं माफीवर घ्याल तरच सरकारी पगार चालू राहतील, अशी अट घालता आली असती. पगार तर सरकारच देत होतं. लगाम हातात होता.

तो खेचला गेला नाही याचं कारण अप्रिय आहे. १९९६ नंतर पाच-दहा वर्षांतच त्या शाळांत नवे पालक आले. नवे मंत्री, खासदार, अधिकारी, कंत्राटदार, संघटनांचे पदाधिकारी, आणि वस्तीतल्या शाळांत शिकवणारे शिक्षकसुद्धा आपली मुलं जुन्या गोऱ्या शाळांत घालू लागले. पहाटे सोवेटोतून मुलांना कोंबून उपनगरांकडे निघणाऱ्या मिनीबस टॅक्सी हे जोहान्सबर्गमधलं रोजचं दृश्य झालं. त्या पालकांना दोष देता येणार नाही. मीही तेच केलं असतं. पण परिणाम असा झाला, की मध्यमवर्ग सार्वजनिक व्यवस्थेत राहिला खरा, तिच्यासाठी भांडला मात्र नाही. तो आपापल्या शाळेसाठी भांडला. आणि वस्तीतल्या शाळेची चिंता ज्याला करता आली असती, त्याचं मूल तिथे उरलं नाही.

त्या शाळांत गेलेल्या काळ्या मुलांचं काय झालं, हाही एक लेखाचा विषय आहे. २०१६ मध्ये प्रिटोरियाच्या मुलींच्या प्रसिद्ध सरकारी शाळेत काळ्या मुलींनी निदर्शनं केली, ती त्यांचे नैसर्गिक केस ‘नीटनेटके’ नाहीत असं म्हटलं गेल्यामुळे. शाळेचं वळण बदलता कामा नये, ही १९९० ची अट अशी गणवेशाच्या नियमांत मुरलेली असते.

यावर सरकारच्या बाजूने एक उत्तर येतं, आणि ते पोकळ नाही. पैशाचं वाटप खरोखर बदललं. शाळांची परिसराच्या गरिबीवरून पाच गटांत विभागणी झाली. २००७ पासून सर्वांत गरीब शाळांची फीच बंद केली गेली आणि आज सुमारे ८० टक्के सरकारी शाळा बिनफीच्या आहेत. १९९४ मध्ये सुरू झालेल्या पोषण योजनेतून आज रोज ९० लाखांहून अधिक मुलं शाळेत जेवतात. राज्यघटनेने मूलभूत शिक्षणाचा हक्क ‘साधनं उपलब्ध होतील तसा’ अशी पळवाट न ठेवता दिला आहे. घर आणि आरोग्याच्या हक्कांना ती पळवाट आहे. आणि लोकांनी हा हक्क कोर्टात वापरला. पूर्व केपमधल्या मातीच्या शाळा पाडून नव्या बांधायला लावल्या. २०१२ मध्ये लिंपोपोत शैक्षणिक वर्ष अर्धं सरत आलं तरी पुस्तकं आली नव्हती, तेव्हा सरकारला कोर्टात खेचलं. केपटाउनजवळच्या खयेलित्शा या काळ्यांच्या वस्तीतून २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘इक्वल एज्युकेशन’ या मुलांच्याच चळवळीने २०१३ मध्ये शाळांच्या इमारतींसाठी किमान निकष मिळवले. त्यातली खड्ड्याची संडासं हटवण्याची मुदत मात्र पाळली गेली नाही, आणि त्या संडासात पडून लहान मुलं मेली. २०१४ मध्ये लिंपोपोत मेलेला मुलगा पाच वर्षांचा होता.

बारावीच्या निकालाचंही असंच आहे. २०२४ मध्ये ८७.३ टक्के मुलं उत्तीर्ण झाली, आणि विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमाला पात्र ठरलेल्यांत निम्म्याहून अधिक मुलं बिनफीच्या शाळांतली होती. हे खरं यश आहे, ते नाकारू नये. फक्त बारावीला पोचण्याआधीच गळून गेलेली मुलं या टक्केवारीत मोजली जात नाहीत.

आणि मग एक आकडा येतो जो सगळी चर्चा उलथवून टाकतो. वाचनाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या चौथीच्या ७८ टक्के मुलांना वाचलेल्याचा अर्थ लागत नव्हता. कोविडनंतर, २०२१ मध्ये, हे प्रमाण ८१ टक्के झालं. मुलांना इंग्रजी येत नव्हतं म्हणून असं झालं, अशी समजूत करून घेऊ नये. चाचणी त्या त्या शाळेत पहिली ते तिसरी ज्या भाषेतून शिकवलं जातं तिच्यातच होती: झुलू, खोसा, सेपेडी, त्स्वाना. मुलांना आपल्या आईच्या भाषेतला परिच्छेद कळत नव्हता. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे सहा टक्के शिक्षणावर घालणारा हा देश आहे.

फी आणि दार हा निम्मा प्रश्न झाला. उरलेला निम्मा वर्गाच्या आत आहे, आणि तिथे सुधारकांनी काय केलं ते पाहिलं की वाईट वाटतं.

पहिली गोष्ट शिक्षकांची. १९९६ मध्ये, विद्यार्थी-शिक्षक प्रमाण सगळीकडे सारखं करण्यासाठी, जास्त शिक्षक असलेल्या शाळांतून त्यांना हलवायचं किंवा स्वेच्छानिवृत्ती द्यायची असं ठरलं. स्वेच्छानिवृत्ती कोण घेतं हे कुठल्याही सरकारी कचेरीतला कारकून सांगेल: ज्याला बाहेर दुसरं काम मिळू शकतं तो. अनुभवी गणित-विज्ञान शिक्षक पैसे घेऊन बाहेर पडले, आणि त्यातले काही गव्हर्निंग बॉडीच्या पगारावर फीच्या शाळांत परतले. मग २००० च्या आसपास शिक्षक प्रशिक्षणाची कॉलेजं बंद करून विद्यापीठांत विलीन केली गेली. त्यातली कितीतरी वर्णद्वेषी राजवटीने होमलँडमध्ये उभारलेली, सुमार दर्जाची होती, हे खरं. पण खेड्यातल्या मुलीला तिच्याच भाषेत पहिलीला शिकवणारी शिक्षिका बनवणारी जागाही तीच होती, आणि ती गेल्यावर तिचं काम कुणीच धड उचललं नाही. २००७ च्या एका प्रादेशिक पाहणीची आकडेवारी पुढे तपासली गेली, तेव्हा सहावीला गणित शिकवणाऱ्या ७९ टक्के शिक्षकांचं स्वतःचं गणित सहावी-सातवीच्या पातळीखाली निघालं. हे शिक्षक आळशी नव्हते. बांटू शिक्षणाने त्यांनाही तेवढंच शिकवलं होतं.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाची. जुना अभ्यासक्रम वर्णद्वेषाने किडलेला होता, तो टाकायलाच हवा होता. त्याच्या जागी १९९७ मध्ये ‘करिक्युलम २००५’ आला: निष्पत्तीवर आधारित शिक्षण. पाठांतर नको, पुस्तकाची गुलामी नको, मुलांनी गटात बसून शोधावं, शिक्षकाने फक्त वाट दाखवावी. पाठ्यक्रमाच्या जागी ६६ ‘विशिष्ट निष्पत्ती’ आणि त्यांच्याभोवती निकष, कक्षा, निदर्शक अशा शब्दांचं जंगल. जोनाथन यान्सन या शिक्षणतज्ज्ञाने तेव्हाच लिहिलं होतं की हे फसणार. सरकारधार्जिण्यांनी त्यांच्यावर टीकाही केली.

या फसण्यात एक दुर्दैवी न्याय आहे. पुस्तकं, ग्रंथालय, तीस मुलांचा वर्ग आणि विषयावर हुकमत असलेली शिक्षिका असेल तिथे ही पद्धत बरी चालली, म्हणजे जुन्या गोऱ्या शाळांत. सत्तर मुलं, फळा आणि एक शिक्षक असलेल्या शाळेत ‘मुलांनी शोधावं’ याचा अर्थ मुलांना काहीच न मिळणं असा झाला. मुक्तीच्या भाषेत लिहिलेला अभ्यासक्रम ज्यांच्यासाठी लिहिला त्यांनाच सर्वांत महाग पडला. भारतीय वंशाचे, नाताळ प्रांतात जन्मलेले कादर अस्मल १९९९ मध्ये मंत्री झाले. त्यांनी पुढच्याच वर्षी लिंडा चिझम यांच्या समितीकडून फेरआढावा घेतला, सुधारित अभ्यासक्रम आला, तोही बदलला, आणि २०१२ पासून कोणत्या आठवड्यात काय शिकवायचं हे सांगणारा सरळ पाठ्यक्रम परत आला. तोवर पहिलीतली मुलं बारावी ओलांडण्याइतकी वर्षं गेली होती.

तिसरी गोष्ट संघटनेची, आणि इथे डाव्या मित्रांचा राग ओढवून घ्यायची माझी तयारी आहे. शिक्षकांची सर्वांत मोठी संघटना लढ्यातून १९९० मध्ये उभी राहिली. तपासनीसाला हाकलण्याची परंपरा तिच्या रक्तात होती. सत्ता बदलल्यावरही वर्गात बसून काम पाहण्याला तिने अपमान मानलं. जॉन व्होलमिंक यांच्या चौकशी गटाने २०१६ मध्ये लिहिलं की मुख्याध्यापकांच्या आणि शिक्षकांच्या जागा पैसे घेऊन विकल्या जातात आणि नऊपैकी सहा प्रांतांत शिक्षण खात्याचा कारभार प्रत्यक्षात संघटनेच्या हाती आहे. जुलमी राजवटीत तपासणी नाकारणं हा प्रतिकार होता. आपल्याच सरकारच्या काळात आपल्याच मुलांपुढे ती नाकारण्याला दुसरं नाव द्यावं लागेल.

आता आजच्या वादाकडे. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी शाळा कायद्यातल्या दुरुस्तीवर सही केली आणि वर्षअखेरीस ती पूर्ण लागू केली. ‘बेसिक एज्युकेशन लॉज अमेंडमेंट’च्या आद्याक्षरांवरून ती ‘बेला’ नावाने ओळखली जाते. प्रवेश आणि भाषा यांबाबत शेवटचा शब्द आता गव्हर्निंग बॉडीचा नाही, प्रांताच्या शिक्षण खात्याचा. आफ्रिकान्स भाषिक संघटना आणि २०२४ च्या संयुक्त सरकारात सामील झालेला डेमोक्रॅटिक अलायन्स हा पक्ष यांनी याविरुद्ध रान उठवलं. आपली भाषा मारली जाणार, असं त्यांचं म्हणणं.

दुरुस्ती बरोबर आहे, उशिरा आलेली आहे. २००७ मध्ये एर्मेलो गावात आठवीच्या ११३ मुलांना जागा नव्हती आणि त्यांचे वर्ग एका बंद पडलेल्या धोबीखान्यात भरत होते. त्याच गावच्या आफ्रिकान्स माध्यमाच्या हायस्कूलमध्ये खोल्या रिकाम्या होत्या. प्रकरण घटना न्यायालयापर्यंत गेलं आणि २००९ मध्ये न्यायमूर्ती मोसेनेके यांनी म्हटलं की भाषाधोरण ठरवताना शाळेने फक्त आतल्या मुलांचं नव्हे, सगळ्या समाजाचं पाहायला हवं. ते कायद्याच्या भाषेत यायला आणखी पंधरा वर्षं लागली.

तरी आफ्रिकान्स पालकांच्या म्हणण्यातला एक धागा तोडून टाकू नये. मूल आपल्या भाषेत शिकलं तर चांगलं शिकतं, हे ते म्हणतात ते खरंच आहे. अन्याय इतकाच, की आफ्रिकान्स मूल पहिलीपासून बारावीपर्यंत आणि काही ठिकाणी विद्यापीठातही आपल्या भाषेत शिकू शकतं, आणि झुलू मुलाची भाषा तिसरीलाच संपते. चौथीपासून इंग्रजी, तेही अशा शिक्षकाकडून ज्याचं स्वतःचं इंग्रजी तोकडं आहे. २०२५ पासून चौथीत मातृभाषा आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकवायला सुरुवात झाली आहे. काळ्या पालकांनाच ती नको असेल, त्यांना पहिलीपासून इंग्रजी हवं असेल, तर नवल नाही. आफ्रिकी भाषांतलं शिक्षण म्हणजे बांटू शिक्षण, ही आठवण अजून जिवंत आहे.

पण बेलावरची सगळी भांडणं देशातल्या पाचव्या हिश्श्याच्या शाळांच्या दारावर आहेत. ती दारं उद्या सताड उघडली तरी त्यात मावणारी मुलं किती? उरलेल्या चार हिश्श्यांत काय करायचं याचं उत्तर तितकं झळकणारं नाही, पण ते अगदीच अज्ञातही नाही. नॉर्थ वेस्ट प्रांतात २०१५ पासून त्स्वाना माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून एक प्रयोग झाला. काही शिक्षिकांना तयार पाठ, वाचनाची पुस्तकं आणि एका केंद्रावर बोलावून प्रशिक्षण दिलं. दुसऱ्या गटाला तेच साहित्य दिलं, पण प्रशिक्षक त्यांच्या वर्गात येऊन शेजारी उभा राहून शिकवणं पाहून सुधारत राहिला. दुसऱ्या गटातली मुलं स्पष्टपणे पुढे गेली. खर्च जास्त येतो, आणि वर्गात बाहेरचं माणूस बसू द्यावं लागतं. दोन्ही गोष्टी राजकीयदृष्ट्या कठीण आहेत.

त्यासाठी वेळही फार उरलेला नाही. सध्याच्या शिक्षकांतले जवळजवळ निम्मे २०३० च्या सुमाराला निवृत्तीच्या वयात पोचतील. बांटू शिक्षणाच्या काळात शाळा शिकलेली ही पिढी एकदम बाहेर पडेल आणि तिच्या जागी लाखाच्या वर नवी माणसं येतील. त्यांतली सर्वांत मोठी संख्या युनिसा या दूरशिक्षण विद्यापीठातून, टपालाने आणि संगणकावर शिकून येते. झुलू किंवा सेपेडी मुलाला पहिलं अक्षर कसं ओळखवायचं, हे त्यांना कुणी वर्गात उभं राहून दाखवलेलं आहे का, हे आत्ता तपासता येतं. बेलाच्या नियमावलीवर जितके वकील बसले आहेत, त्याच्या दशांश माणसं या एका प्रश्नावर बसवायची की नाही, हे प्रिटोरियातल्या सरकारने या काही वर्षांत ठरवायचं आहे. एकदा नेमणुका झाल्या की तीस वर्षं त्या शिक्षकांना कुणी हलवू शकणार नाही.